चौघांचा तंबू

१

आम्ही जेवत असताना कोणी दिसलं, की बाबा ‘या, जेवायला या’ म्हणतात. समोरच्याला मराठी येत असो वा नसो. परदेशात, टॅम्पिनीस नावाच्या उपनगरातल्या आमच्या मजल्यावर लोखंडी जाळीचं दार बंद आणि आतलं लाकडी दार उघडं ठेवायची पद्धत आहे. त्यामुळे कॉरिडॉरमधून जाणारा प्रत्येक माणूस आमच्या ताटात काय आहे ते बघत जातो, आणि बाबा हातातला घास तसाच ठेवून हात हलवतात. पार्सल आणणारा मुलगा, शेजारच्या तान ऑंटी, लिफ्ट दुरुस्त करणारे दोघे, सगळ्यांना आमंत्रण. एकदा तर तान ऑंटींच्या मांजरीलाही.

आजवर त्यांच्या बोलावण्यावरून एकही जण आत आलेला नाही.

“येतंय कोण? म्हणायचं असतं,” आई म्हणते.

“अँड इफ समवन कम्स?” माझी धाकटी बहीण शिवांगी विचारते. ती आठ वर्षांची आहे आणि तिला सगळ्याच गोष्टी विचारता येतात.

“आलंच तर दोन पोळ्या जास्त लाटीन.”

मी असं कोणाला बोलवत नाही. मी मुळात कोणाला काही म्हणतच नाही. लिफ्टमध्ये कोणी उभं असेल तर मी जिन्याने नवव्या मजल्यावर जाते, त्यामुळे माझे पाय फार मजबूत आहेत. माझ्या प्रगतिपुस्तकात दर वर्षी वेगळ्या बाई तेच वाक्य लिहितात, की गार्गीने वर्गात बोलायला हवं. मलाही ते पटतं. पण मी तोंड उघडेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो, आणि मी काही बोलले नाही हेही कोणाच्या लक्षात आलेलं नसतं.

यावर बाबांनी औषध शोधलं. ते म्हणजे तंबू.

२

बाबांच्या बँकेत योस्त नावाचा एक डच माणूस आहे. त्याने बाबांना सांगितलं की त्यांच्याकडे सुट्टीत अख्खी कुटुंबं समुद्राकाठी वाळूच्या टेकड्यांमागे तंबू ठोकून राहतात. मुलं स्वतः भांडी टबात घालून सामायिक नळावर नेतात, आणि वाटेत भेटेल त्या प्रत्येकाला ‘गुड मॉर्निंग’ म्हणतात. हे ऐकून बाबा घरी आले आणि म्हणाले, “पुढच्या जूनमध्ये आपण हॉलंडला जायचं. गार्गी आपोआप बोलायला लागेल.”

तंबू मात्र त्यांनी आत्ताच घेतला, कारण सेल होता. आणि तंबू घेतला म्हणून सप्टेंबरच्या सुट्टीत पासिर रिसच्या किनाऱ्यावर रंगीत तालीम ठरली. तंबू उत्तर समुद्राच्या वाऱ्याला टिकेल असा होता. त्यात वारा शिरायला कुठेही जागा नव्हती. हॉलमध्ये उभारून आम्ही पाच मिनिटं आत बसलो, तेव्हा शिवांगी म्हणाली, “पपा, दिस इज नॉट टेंट, दिस इज इडलीचं भांडं.”

बाबा डच ‘गुड मॉर्निंग’चाही सराव करत होते. त्यातला पहिला आवाज घशाच्या अगदी तळातून खरवडून काढावा लागतो. सकाळी दाढी करताना ते आरशाकडे बघून “ख्खू-ये मोर्खन” म्हणायचे आणि स्वयंपाकघरातून आई ओरडायची, “घसा धरलाय का? हळद-दूध देऊ?”

कामं वाटली गेली. बाबा तंबू, आई स्वयंपाक, शिवांगी खुंट्या मोजून परत पिशवीत भरणार. माझ्याकडे भांड्यांचा निळा टब आणि ‘रिसेप्शन’. रिसेप्शन म्हणजे कोणी आलं, काही विचारलं, की पुढे होऊन मी बोलायचं. “इतर कोणीही बोलणार नाही,” बाबा म्हणाले. “मीसुद्धा नाही.” हे ऐकून आई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

निघताना लिफ्टमध्ये तान ऑंटी होत्या. आमच्या हातात तंबू, चटया, घडीच्या खुर्च्या, तवा, टब. मी जिन्याने जाणार होते, पण टब मोठा होता. त्यांनी विचारलं, कुठे? बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी टबाकडे पाहिलं. शेवटी शिवांगी म्हणाली, “बीच. कॅम्पिंग!”

“दिस मन्थ?” तान ऑंटींनी जीभ टाळ्याला लावून ‘च्’ केलं. “वेट लाह. नेक्स्ट मन्थ ऑल्सो गॉट सी.” म्हणजे थांबा, समुद्र काय पुढच्या महिन्यातही असेल.

खाली आमच्या इमारतीच्या ब्लॉकच्या कडेला गवतात कोणीतरी संत्री आणि मेणबत्त्या मांडून ठेवल्या होत्या; या महिन्यात भुकेली पितरं फिरतात म्हणून इथले लोक असं पान ठेवतात. आम्ही ट्रॉली त्यांना वळसा घालून नेली. बाबा म्हणाले, “किती छान ना, सगळे आपापल्या परीने सण करतात.”

३

किनाऱ्यावर आमची जागा एका समुद्रबदामाच्या झाडाखाली होती. समोर ओहोटीचं पाणी, पलीकडे पुलाव उबिन बेटाची हिरवी रेघ, मध्ये मासे पाळायचे तराफे. डोक्यावरून दर थोड्या वेळाने विमान चांगीच्या विमानतळावर उतरायचं आणि बाबा त्याच्याकडे बघून म्हणायचे, “पुढच्या जूनमध्ये.” आजूबाजूला दुसरा एकही तंबू नव्हता. बाबांना तेही आवडलं. “काय निवांत जागा मिळाली!”

रानकोंबड्या मात्र पुष्कळ होत्या. त्यांनी आमच्या खुंट्यांची पाहणी केली आणि शिवांगीचा एक मोजा पळवला.

संध्याकाळी आईने चटईवर पानं वाढली. थालीपीठ, ठेचा, दहीभात. आम्ही दोन घास खाल्ले असतील, तेवढ्यात बाबांचा हात वर गेला.

“हॅलो! कम, कम! या, जेवायला या!”

मी वळून पाहिलं. ओहोटीने पाणी बरंच मागे गेलं होतं. चिखल संपून पाणी सुरू होतं तिथे कोणीतरी उभं होतं. मुलगी असावी, माझ्याएवढी. गुडघ्यापर्यंत पाण्यात. उजेड कमी झाला होता, आणि तिचं तोंड आमच्याकडे होतं की समुद्राकडे, ते काही केल्या कळत नव्हतं.

“एकटीच दिसते,” बाबा म्हणाले. “या हं! लाजू नका! घरचंच आहे!”

“अहो, किती ओरडताय,” आई म्हणाली, पण तिने डब्यातलं एक थालीपीठ जास्तीच्या ताटात काढून झाकून ठेवलं. तिचं असंच असतं. बाबा नुसतं बोलवतात. आई वाढूनच ठेवते.

डोक्यावरून विमान गेलं. ते गेल्यावर मी पुन्हा पाहिलं, तर तिथे कोणी नव्हतं. कोणी आलंही नाही. शिवांगी म्हणाली, “ताईसारखी शाय असेल,” आणि सगळे हसले. मीही हसले, कारण ते खरं होतं.

जेवण झाल्यावर आईने ताटं माझ्या टबात टाकली आणि म्हणाली, “बाई गं, एक तू धुतलंससुद्धा?”

जास्तीचं ताट चटईच्या कडेला होतं. रिकामं, धुतलेलं, आणि पालथं घातलेलं. घरी मी माझं ताट तसंच ठेवते.

मी म्हणणार होते की मी नाही धुतलं. पण विषय पुढे गेला. थालीपीठ कोंबड्यांनी खाल्लं असणार, असं मी स्वतःला समजावलं. ताट कोणी धुतलं, या प्रश्नाकडे मी त्या दिवशी मुद्दाम पाहिलं नाही.

४

झोपताना ओळ अशी होती: बाबा, आई, शिवांगी, मी. माझ्या पलीकडे कापडाची भिंत.

सकाळी जाग आली ती बाबांच्या आवाजाने. त्यांचे पाय दाराबाहेर गेले होते आणि त्यांवर कोंबडी बसली होती. “चौघांचा तंबू म्हणे!” ते म्हणत होते. “डच माणूस सहा फूट असतो. मी साडेपाच. मग मी बाहेर कसा?”

आई त्यांच्यावर रेलली होती. शिवांगी आईवर. मी अर्धी शिवांगीवर. आम्ही चौघं तंबूच्या एका बाजूला लाडवासारखी वळून पडलो होतो, आणि माझ्या पलीकडे, माझ्यात आणि भिंतीत, एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी होती. तिथली चटई ओली होती. वाळूही होती, बारीक, राखाडी. आमच्या झाडाखालची वाळू पिवळी होती. ओल सगळीकडे पसरली नव्हती. वर रुंद, मध्ये निमुळती, खाली पुन्हा दोन पट्टे.

“गळतोय!” बाबा विजयी आवाजात म्हणाले. त्यांनी फोटो काढून दुकानाला पाठवले. दुकानाने विचारलं, रात्री पाऊस होता का? बाबांनी मला विचारलं. मी मान हलवली. पाऊस नव्हता.

“मग भरती,” बाबा म्हणाले. ते कारण दुकानाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांनी उत्तरच दिलं नाही.

मी ती ओल बराच वेळ बघत होते. मग तिच्या शेजारी सरळ झोपून पाहिलं. आमची उंची सारखी होती.

५

न्याहारीनंतर मी टब घेऊन नळावर गेले. नळ जरा लांब होता. वाटेत सायकलवाले भेटले, कुत्र्याला फिरवणारी एक बाई भेटली. योस्तच्या नियमाप्रमाणे सगळ्यांना ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं होतं. मी टबाच्या आडून म्हटलं. ते टबालाच ऐकू गेलं असेल.

परत येताना तंबूच्या मागच्या बाजूने आले. आत आई बोलत होती.

“हो का? मग?” आई म्हणाली. मग थोडा वेळ शांत. मग ती खळखळून हसली. “अगं, तू कधी सांगितलं नाहीस हे मला! शाळेत एवढं सगळं होतं आणि तू गप्प बसतेस?”

मी थांबले. शिवांगी लांब पाण्यापाशी बाबांबरोबर शिंपले शोधत होती; ती दोघं मला दिसत होती. म्हणजे आई फोनवर असणार. बहुतेक पुण्याला, उल्कामावशीशी. पण उल्कामावशी शाळेत कशाला जाईल? आणि आईचा फोन तर माझ्या खिशात होता. नळाकडे जाताना तिनेच दिला होता, टबात पडू देऊ नकोस म्हणून.

“ये अशी, केस पुसून देते,” आत आई म्हणाली. “किती ओले ठेवलेस.”

मी टब खाली ठेवला. ताटं वाजली. आतला आवाज थांबला. आई टॉवेल घेऊन पुढच्या दारातून बाहेर आली, वळसा घालून मागे आली, आणि मला पाहून तिच्या कपाळावर एक आठी पडली.

“तू इकडे कुठून आलीस?”

“नळावरून,” मी म्हणाले.

“आत्ता?”

मी टबाकडे बोट दाखवलं. आईने माझे केस हातात घेतले. ते कोरडे होते. तिने टॉवेल पाहिला. तो पिळता आला असता.

“ऊन फार आहे,” आई म्हणाली. “मला वाटतं मी जरा पाणी प्यायला हवं.”

आम्ही दोघी आत गेलो. आत कोणी नव्हतं. तंबू खरंच इडलीपात्रासारखा तापला होता; फक्त माझ्या जागेपाशी गार होतं.

६

दुपारपर्यंत ती सगळ्यांची लाडकी झाली.

पार्कचा माणूस तंबूचा परवाना तपासून गेला. मी तेव्हा स्वच्छतागृहाच्या रांगेत होते. परतले तर बाबांनी माझी पाठ थोपटली. “शाबास! काय स्पष्ट बोललीस! मी झाडामागून ऐकत होतो. परवाना दाखवलास, कोंबड्यांची तक्रार केलीस, वर त्याला जेवायला थांबता का विचारलंस! शेवटी माझी मुलगी.”

“बाबा, मी नव्हते,” मी म्हणाले. माझ्या मानाने मोठ्याने म्हणाले.

“आता विनय नको,” बाबा म्हणाले.

शिवांगी तर माझ्याकडे नव्याच आदराने बघत होती. “ताई, दॅट स्टोरी सो शिऑक, एकदम भारी, लाह! अगेन सांग ना. ती पाण्याखालच्या घराची. जिथे सगळे वेट करतात पण कोणी बोलावत नाही.”

“कोणी सांगितली?”

“यू! ज्यूस पिताना!” आणि तिने माझ्याकडे नीट पाहिलं. तिला इतकं नीट बघायची सवय नाही. “बट दॅट टाइम युवर हेअर वॉज वेट.”

मी खुर्चीवर बसून विचार केला. मला विचार चांगला करता येतो, फक्त तो बाहेर येत नाही. एक: मला ऊन लागलं असेल आणि मी काय बोलते ते मलाच आठवत नसेल. हे पटण्यासारखं नव्हतं, कारण ऊन लागून माझं बोलणं इतकं सुधारलं असतं तर शाळेत रोज सुधारलं असतं. शाळेचं मैदान याहून तापतं. दोन: सगळे मिळून माझी चेष्टा करताहेत. पण बाबांच्या पोटात कोणतीही चेष्टा दोन मिनिटांपेक्षा जास्त राहत नाही.

तीन होतं. तीन मी मनातही पूर्ण म्हटलं नाही.

आणि खरं सांगायचं तर मला त्यात थोडी सोयही दिसली. सुट्टीनंतर वर्गात माझं तोंडी सादरीकरण होतं, आणि त्याच्या नुसत्या विचाराने मला जुलाब व्हायचे. मला वाटलं, एवढं छान बोलते ती, तर त्या दिवशी जाऊ दे तिला. मी जिन्यात थांबेन.

असं वाटलं आणि त्याच क्षणी माझ्या शेजारची रिकामी खुर्ची हलकेच करकरली, कोणीतरी आरामात मागे टेकावं तशी.

मी उठून आईजवळ जाऊन बसले.

७

मग पाऊस आला. उबिनच्या बाजूने करडा पडदा सरकत आला आणि बाबांनी तालीम संपल्याचं जाहीर केलं. उत्तर समुद्राच्या वादळाला टिकणारा तंबू पासिर रिसच्या पहिल्या झोताला आईच्या अंगावर बसला. आम्ही सगळं गुंडाळलं. बाबांनी टॅक्सी बोलावली. मी नळावर विसरलेला टब आणायला धावले.

परत आले तेव्हा टॅक्सी रस्त्याच्या कडेला उभी होती. डिकीतून तंबूचा एक दांडा बाहेर आला होता. काचा वाफेने भरल्या होत्या. पुढची काच अर्धी खाली होती आणि ड्रायव्हर अंकल बाबांना सांगत होते, “फाइव्ह कॅनॉट, आह. फोर ओन्ली. लेटर आय कॅच फाइन.”

“वी आर फोर ओन्ली, अंकल,” बाबा म्हणाले, आणि वळून बोटाने मोजायला लागले. “मी वन. वाइफ टू. डॉटर थ्री. डॉटर फोर. सी?”

मी फुटपाथवर होते. टब डोक्यावर धरून.

मागच्या काचेतून तीन डोकी दिसत होती. एका बाजूला आई, मध्ये छोटी शिवांगी. आणि माझ्या बाजूला, दारापाशी, आणखी एक. माझ्यासारखी वेणी नव्हती. केस काचेला चिकटले होते आणि त्यातून पाणी काचेच्या आतल्या बाजूने ओघळत होतं. तिचं तोंड माझ्याकडे होतं की आईकडे, ते कळत नव्हतं.

अंकलनी एकदा आरशात पाहिलं, एकदा बाहेर माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर त्यांनी काहीही न विचारता रेडिओचा आवाज वाढवला आणि गाडी सुरू केली.

आईने आपल्या बाजूची काच चार बोटं खाली करून मागे पाहिलं. तिची नजर माझ्यावरून गेली आणि डोक्यावरच्या टबावर थांबली.

“अहो, टब राहिला!”

“राहू दे,” बाबांचा आवाज आला. “नवीन घेऊ.”

काच वर गेली. चाकं फिरली.

मी तोंड उघडलं. घशातून फक्त “ख्ख” असं काहीतरी आलं, बाबांच्या डच शुभप्रभातासारखं. गाडी एक टबभर पुढे गेली. आणि मला एकदम दिसलं की हे असंच होणार आहे. मी नीट वाक्य जुळवत उभी राहीन, आणि विषय पुढे जाईल. एक्स्प्रेसवेवरून टॅम्पिनीसपर्यंत. नवव्या मजल्यापर्यंत. कोणाच्याही लक्षात येणार नाही, कारण ती बोलेल.

“उठा!” मी ओरडले.

आपला आवाज इतका मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. समुद्रबदामाखालच्या कोंबड्या उडाल्या.

“उठा तुम्ही! ती माझी जागा आहे! जेवलात, झोपलात, आता पुरे! आई माझी आहे ती!”

एवढ्या गडबडीतही मी ‘अहो-जाहो’ केलं, कारण ओळख नव्हती.

गाडी थांबली. माझ्या बाजूचं दार आतून उघडलं. कोणी उतरलेलं मला दिसलं नाही. फक्त पाऊस माझ्या अगदी जवळून, खांद्याला घासून, क्षणभर वेगळ्या दिशेने पडल्यासारखा वाटला.

सीट रिकामी होती, आणि तिच्यावर राखाडी वाळू होती.

“अगं, केवढ्याने!” बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा अभिमानाने फुलला होता. “पण तू बाहेर कशी?”

आई आपला उजवा हात बघत होती. शिवांगीच्या मागून तिने तो कोणाच्या तरी खांद्यावर टाकला होता, आणि तो कोपरापर्यंत भिजला होता. मी टबासकट आत बसले. तिने तोच हात पुसून माझं मनगट धरलं, आणि टॅम्पिनीसपर्यंत सोडलं नाही. फार घट्ट धरलं होतं. मी तक्रार केली नाही.

८

एवढ्यावर सगळं संपलं असतं. पण आमचे बाबा आहेत.

गाडी वळण घेत होती, तेव्हा त्यांनी काच खाली करून हात बाहेर काढला आणि किनाऱ्याकडे बघून हलवला. “चला, येतो आम्ही! घरी या एकदा! टॅम्पिनीस, नववा मजला! निवांत या!”

“कोणाला म्हणताय?” आईने विचारलं.

“ती कालची मुलगी गं. बिचारी अजून तिथेच उभी आहे, पावसात.” बाबांनी काच वर केली. “काल जेवायला आली नाही ना, म्हणून म्हटलं. असं कोण येतंय?”

शिवांगीने बाबांना ब्लॉकचा नंबर सांगायचा राहिला याची आठवण करून दिली. आईने तिच्या तोंडावर हात ठेवला. पण तोवर बाबांनी काच पुन्हा खाली केली होती.

९

तोंडी सादरीकरण मी स्वतः केलं. विषय ‘माझी सुट्टी’ होता. मी फक्त कोंबड्यांविषयी बोलले. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला, आणि बाईंनी पेन खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. लिफ्टमध्येही मी आता जाते. तान ऑंटींना ‘गुड मॉर्निंग’ म्हणते. त्या मला आधी नीट न्याहाळतात, बहुधा केस बघतात, आणि मग उत्तर देतात.

काल शनिवार होता. शाळेत खेळाचा सराव होता, तो संपवून मी दुपारी घरी आले. लिफ्टमधून बाहेर पडले तेव्हाच आमटीचा वास आला. आमचं लाकडी दार उघडं होतं, जाळी बंद. आत शिवांगी काहीतरी सांगत होती, बाबा हसत होते, आई नळ सोडून भांडी विसळत होती. कॉरिडॉरमध्ये आमच्या दारापासून लिफ्टपर्यंत फरशी ओली होती. कोणीतरी पुसली असेल, असं मी स्वतःला समजावलं.

चपलांच्या मांडणीवर माझ्या शाळेच्या बुटांच्या जागी बूट होते. माझे बूट माझ्या पायात होते.

मी जाळीपाशी आले आणि किल्ली काढली.

टेबलापाशी तिघं बसली होती. बाबा माझ्या समोर. शिवांगी त्यांच्या डाव्या हाताला. माझ्या खुर्चीवर कोणीतरी जेवत होतं, मान खाली घालून, शिस्तीत. खांद्यांवर आईने टॉवेल टाकलेला होता. तोंड माझ्याकडे होतं की भिंतीकडे, ते कळत नव्हतं.

किल्लीच्या आवाजाने बाबांनी वर पाहिलं. जाळीतून त्यांची आणि माझी नजर भेटली. ते अगदी मोकळेपणाने हसले, जसे सगळ्यांकडे बघून हसतात, आणि हातातला घास तसाच ठेवून त्यांनी हात हलवला.

“या,” ते म्हणाले. “या, जेवायला या.”

आजवर त्यांच्या या बोलावण्यावरून कोणी उंबरठ्याच्या आत आलं नव्हतं. एकजण सोडून.

मी दप्तर खाली ठेवलं आणि घसा साफ केला.